फलकावरची जैनी

गणपती गेल्यानंतरच्या आठवड्यात गडचिरोलीहून अठरा मुली सोलापूरला शिवणकाम शिकायला आल्या, आणि त्यांना शिकवायचं, सांभाळायचं काम फुलाबाईकडं आलं.

फुलाबाई मूळची मंगळवेढ्याकडच्या कोरड्या पट्ट्यातली. बाप मायाप्पा मेंढरं घेऊन वर्षातले आठ महिने परमुलखात असायचा. लग्न होऊन ती सोलापुरात आली, आणि नवरा गेल्यावर अक्कलकोट रोडच्या चन्नवीर आण्णांच्या कारखान्यात मशीनवर बसली. तिथं शाळांचे आणि कंपन्यांचे गणवेश शिवले जायचे. या गोष्टीला आता बावीस वर्षं झाली होती. मुलगा पुण्यात नोकरीला होता, घरी ती एकटीच. त्यामुळे कारखान्यामागच्या इमारतीत मुलींसाठी खोल्या घेतल्या तेव्हा आण्णा तिला म्हणाले, "फुलाबाई, तुम्हीच ऱ्हावा त्यांच्यासंगट. पोरी लांबच्या आहेत."

ही योजना सरकारी होती, पण ती चालवत होती एक संस्था. संस्थेचा माणूस होता आदिनाथ, करकंबचा, शेतकऱ्याच्या घरातला, तिशीच्या आतला. पहिल्याच दिवशी त्यानं फुलाबाईला सगळं समजावून सांगितलं.

"मावशी, या मुलींच्या भागात रस्ता नाही, काम नाही. मग जंगलातले लोक येतात, आमच्याबरोबर चला म्हणतात, आणि पोरं-पोरी जातात. हाताला काम असलं तर बंदूक कोण कशाला धरेल?"

फुलाबाईला हे लगेच पटलं. "खरं हाय की," ती म्हणाली. "मालक गेल्यावर मला तर इहीर जवळची वाटाय लागली हुती. आण्णांनी मशीनवर बसवलं म्हणून हाय मी."

पहिले पंधरा दिवस मुली जेवल्याच नाहीत नीट. ज्वारीची भाकरी त्यांच्या घशाखाली उतरेना. फुलाबाईनं आण्णांशी भांडून तांदूळ वाढवून घेतला, शेंगाचटणीतलं तिखट कमी केलं. आपसात त्या माडिया बोलायच्या. फुलाबाईला त्यातलं अक्षर कळत नव्हतं, पण सोलापुरात तिला त्याचं नवल नव्हतं. कारखान्यात काज-बटणाच्या बायका तेलुगू बोलायच्या, कटिंग मास्तर दखनी बोलायचे, आण्णा फोनवर कन्नड. आता आणखी एक भाषा आली, एवढंच.

अठरा जणींत जैनी उसेंडी सगळ्यांत चटकन शिकली. वय एकोणीस. आश्रमशाळेत दहावी झालेली, त्यामुळे मराठी पुस्तकातल्यासारखं बोलायची. कॉलर जोडायला इतरांना महिना लागला, ती आठव्या दिवशी सुरकुती न पाडता जोडायला लागली. कापड हातात घेतलं की आधी त्यावरून अंगठा फिरवायची आणि मगच सुईखाली सरकवायची. फुलाबाई तिच्याकडं बघत राहायची. स्वतःला हे जमायला दोन वर्षं लागली होती.

जैनीचं गाव पेरकसा. गावात फोन लागत नव्हता. तिचा बाप दर शनिवारी नऊ किलोमीटर चालत बाजाराच्या गावाला यायचा आणि तिथल्या किराणा दुकानदाराच्या फोनवरून पोरीशी बोलायचा. शनिवारी बाराच्या सुमाराला जैनीचं लक्ष मशीनवर नसायचं. फुलाबाई तिला म्हणायची, "ऊठ, जा भायेर. आलाच असंल फोन." पाच-सात मिनिटांनी जैनी परत यायची, आणि मग संध्याकाळपर्यंत तिचं काम दुप्पट व्हायचं.

"काय म्हनतोय बाप?"

"धान किती झालं ते सांगितलं. गाय व्याली. आणि विचारलं, तुझी मावशी मारते का?"

"मग काय सांगितलंस?"

"सांगितलं, मारत नाही, पण फार बोलते."

फुलाबाईला हसू आवरेना. त्या दिवशी तिनं ते सगळ्या कारखान्याला सांगितलं.

एकदा दुपारी जेवताना जैनीनं आपण होऊन एक गोष्ट सांगितली. तिच्या चुलत्याची मुलगी, तिच्याच वर्गातली, नववीत असताना त्या लोकांबरोबर जंगलात गेली. दोन वर्षं झाली. आहे की नाही, कुणाला ठाऊक नाही.

"तुलाबी बोलवलं हुतं व्हय?"

जैनीनं ताटातला भात एका बाजूला सारला. "बोलावलं होतं. बाबानं सांगितलं, ही आजारी असते. मग मला लवकर आश्रमशाळेत परत पाठवलं. आणि शाळा संपली तेव्हा ही योजना आली."

फुलाबाईनं पुढं विचारलं नाही. त्या संध्याकाळी ती आदिनाथला म्हणाली, "तुमचं ते खरं बगा. ही पोरगी वाचली हितं येऊन."

जानेवारीत पहिल्या तुकडीचं शिक्षण संपलं आणि समारंभ ठरला. कारखान्याच्या आवारात मांडव पडला. मागं कापडी फलक लागला, त्यावर लिहिलं होतं, 'हातात सुई, मनात उमेद'. मोठे अधिकारी येणार होते, त्यात एक पोलिस खात्यातलेही होते. त्या दिवसांत मशीनवर नाशिककडच्या एका कंपनीच्या सुरक्षारक्षकांचे खाकी शर्ट होते. टेबलावर त्यातलेच चाळीस-पन्नास इस्त्री करून मांडून ठेवले.

भाषणं झाली. मग फोटोवाला म्हणाला की पाहुण्यांनी एक शर्ट हातात घ्यावा आणि जिनं शिवला त्या मुलीनं शेजारी उभं राहावं. आण्णांनी जैनीचं नाव घेतलं. जैनी शेवटच्या ओळीत होती. ती उठली नाही. फुलाबाई तिच्याजवळ गेली.

"मावशी, फोटो नको," जैनी हळूच म्हणाली.

"अगं, लाजतीस काय? एवडं चांगलं शिवलंस. जा की!"

"नको."

समोर सगळे ताटकळले होते. अधिकारी हसत होते. फुलाबाईनं तिचा दंड धरला, तिला उठवलं आणि पाठीवर हात ठेवून पुढं ढकललं. जैनी गेली, पाहुण्यांशेजारी उभी राहिली, खाली बघत. फोटोवाला म्हणाला, "ताई, वर बघा." तिनं वर बघितलं.

दुसऱ्या दिवशी पेपरात तो फोटो आला. खाली छापलं होतं, 'जंगलातल्या मुली शिवताहेत पोलिसांचे गणवेश'. सोबत जैनीचं नाव, आडनाव आणि गाव.

फुलाबाईनं तो पेपर नवी पेठेत जाऊन फ्रेम करून आणायचा बेत केला होता. तिनं तो जैनीला दाखवला. जैनीनं वाचला, परत एकदा वाचला आणि घडी घालून तिच्या हातात दिला.

"हे पोलिसांचे नव्हते," ती म्हणाली.

"नसनात का. खाकी ती खाकी. पेपरवाल्यास्नी काय कळतंय?"

"तिथं कळतं, मावशी." मग तिनं सांगितलं. गेल्या वर्षी शेजारच्या गावातला एक माणूस पोलिसांनी भरवलेल्या डोळ्यांच्या शिबिरातून चष्मा घेऊन आला होता. त्या चष्म्यावरून तो खबऱ्या ठरला. त्याला घरातून नेलं. "आणि माझं नाव लिहिलं आहे. गाव लिहिलं आहे."

फुलाबाई कापडाच्या गठ्ठ्यावर बसली.

त्याच दुपारी आदिनाथला घेऊन ती पेपरच्या कचेरीत गेली. तिथला माणूस चांगला वागला, चहा दिला. "यात वाईट काय आहे? चांगलीच बातमी आहे," तो म्हणाला. आदिनाथनं समजावल्यावर त्यानं दुरुस्ती छापायचं कबूल केलं, आणि तिसऱ्या दिवशी ती खरंच छापली. आतल्या पानावर, निविदांच्या जाहिरातीखाली, तीन ओळी. आदिनाथनं ती फुलाबाईला दाखवली. ती पेरकशात कोण वाचणार होतं?

फोटो मात्र पोचला होता. योजनेच्या तिकडच्या कार्यालयानं तो मोठा करून फलक बनवला आणि बाजाराच्या गावात, किराणा दुकानासमोरच, उभा केला. हे जैनीला तिच्या बापाकडूनच कळलं. शनिवारी फोन आला तेव्हा बाप त्या फलकाखाली उभा राहून बोलत होता.

"काय म्हनला?" फुलाबाईनं विचारलं.

"म्हणाला, तुझा चेहरा बैलगाडीएवढा मोठा आहे." जैनी मशीनवर बसली, पण पायडल दाबलं नाही. "बाजारातले लोक त्याच्याशी बोलले नाहीत. त्याच्याकडून सुकी मोहफुलं कोणी घेतली नाहीत."

आदिनाथनं त्या कार्यालयाला फोन केले, पत्र लिहिलं. फलक काढा म्हणून. पत्र पोचल्याचं उत्तर आलं. मग असं कळलं की फलक वरच्या आदेशानं लागला आहे, आदेशाशिवाय निघणार नाही. शेवटी तो निघाला, पण दहा दिवसांनी. आणि काढणारे आले ते पोलिसांच्या गाडीतून आले.

पुढच्या शनिवारी बापाचा फोन आला नाही.

जैनी बारा वाजल्यापासून दारात उभी होती. एक वाजला, दोन वाजले. तिनं दुकानदाराचा नंबर लावला, त्यानं उचलला नाही. फुलाबाई म्हणाली, "जरा दम धर. ताप-बीप आला असंल." बोलताना आपलाच आवाज तिला खोटा वाटला.

सोमवारी दुकानदाराचाच फोन आला. तो घाईघाईत बोलला. ते लोक पेरकशात येऊन गेले होते. जैनीच्या बापाला गावासमोर उभा करून विचारलं, पोरगी पोलिसांकडं काय करते. त्यानं सांगितलं, शर्ट शिवते, पोलिसांचे नाही, दुसऱ्यांचे. त्यांनी काठ्यांनी मारलं. आणि सांगून गेले, पोरीला घेऊन ये, तिनं स्वतः गावासमोर सांगू दे. पुढच्या अमावस्येपर्यंत वेळ दिली होती.

"आणि बाबा काय म्हणतो?" जैनीनं विचारलं.

"तुझा बाप म्हणतो, येऊ नको. तुझी आई म्हणते, ये." एवढं बोलून त्यानं फोन ठेवला. पुन्हा या नंबरवर करू नको म्हणाला.

अमावस्येला अकरा दिवस होते.

त्या अकरा दिवसांत फुलाबाई जितकी हिंडली तितकी जन्मात हिंडली नसेल. आदिनाथबरोबर ती योजनेच्या सोलापुरातल्या कार्यालयात गेली. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. "गंभीर आहे," म्हणाले. "मी तिकडं कळवतो. तिथली यंत्रणा बघेल." तिकडच्या यंत्रणेचा दोन दिवसांनी आदिनाथला फोन आला. कुटुंबाला तालुक्याच्या गावी हलवायला ते तयार होते, ठाण्याजवळ खोली देणार होते. फुलाबाईला हायसं वाटलं. पण जैनीच्या बापानं नकार दिला. गावातल्या एका माणसाच्या हाती तिकडच्या कार्यालयात त्याचा निरोप आला, तो आदिनाथला कळला: पोलिसांच्या खोलीत राहायला गेलो तर ते म्हणतात ते खरं होईल. माझं धान खळ्यावर आहे. मी काही केलं नाही, मी का पळू?

फुलाबाई आण्णांकडं गेली. मुलींच्या खोल्या महिनाअखेरीपर्यंतच होत्या, नंतर बाकीच्या मुली परत जाणार होत्या.

"आण्णा, जैनीला ठेवून घ्या. माज्या घरी ऱ्हाईल ती. तितं जाऊ द्याची न्हाय तिला."

आण्णांनी लगेच मान हलवली. "ठेवतो. उद्यापासून कामावर घेतलं समजा. तिच्यासारखा हात कुटं मिळतोय?" मग म्हणाले, "पण ती राहील का, फुलाबाई? बापाला तिथं ठेवून?"

फुलाबाईनं जैनीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मी इथं राहिले तर बाबाला नेतील. मी गेले तर मला विचारतील. मी सांगू शकते. मला बोलता येतं."

"आनि त्यास्नी पटलं न्हाय तर?"

"तर मग नाही पटलं."

"पोलिसांस्नी सांग की, संगट या म्हनावं."

"पोलिसांबरोबर गेले तर विचारायचंच उरणार नाही, मावशी."

फुलाबाई रागावली. ओरडली. तुला अक्कल न्हाय म्हणाली, बापच येऊ नको म्हनतोय म्हणाली. जैनीचं ओळखपत्र आणि पिशवी तिनं आपल्या पेटीत ठेवून कुलूप लावलं. दिवसभर किल्ली कनवटीला होती. जैनीनं ती मागितली नाही, रडलीही नाही. मशीनवर बसून एकामागून एक कॉलर जोडत राहिली. संध्याकाळी फुलाबाईनंच पेटी उघडली. तिला आपला बाप आठवला होता असं नाही, काही उमगलं होतं असंही नाही. त्या पोरीकडं तसं बघवेना, एवढंच.

आदिनाथनं आणखी एक प्रयत्न केला. जैनीबरोबर आपण जातो म्हणाला. जैनी त्याला म्हणाली, "सर, तुम्ही त्या फोटोत आहात. मागं उभे आहात."

अमावस्येच्या चार दिवस आधी जैनी निघाली. दुपारी अडीचची गाडी होती, नागपूरपर्यंत. तिथून पुढं चंद्रपूर, मग आलापल्ली, मग जे मिळेल ते. फुलाबाई स्टँडवर सोडायला गेली. कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून दिली होती. चटणी आता जैनीला आवडायला लागली होती.

गाडी लागली. जैनी खिडकीजवळ बसली. फुलाबाई खाली उभी होती, खिडकीचा गज धरून.

"तू नको म्हनत हुतीस," ती म्हणाली. "मीच तुला ढकललं फुडं."

जैनीनं तिच्या हातावर हात ठेवला. "तुम्हाला माहीत नव्हतं."

"तू सांगायचं हुतंस की गं मला. का नको ते सांगायचं हुतंस."

"सगळे टाळ्या वाजवत होते," जैनी म्हणाली. "तेव्हा कसं सांगणार?"

ड्रायव्हर चढला. फुलाबाईनं गज सोडला नाही. गाडी हलली तशी ती दहा-बारा पावलं बरोबर चालली, मग कंडक्टर ओरडला.

पुढं काय झालं ते तिला आदिनाथकडून कळलं. जैनी तीन दिवसांनी बाजाराच्या गावात पोचली. अमावस्येला अजून एक दिवस होता. पण किराणा दुकानदार तिला रस्त्यातच भेटला आणि पुढं जाऊ नको म्हणाला. आदल्या संध्याकाळी त्यांनी बापाला खळ्यावरून नेलं होतं. मुदत त्यांनीच दिली होती, तरी थांबले नाहीत. पोरगी सोलापूरहून निघाली, ती पोलिसांना घेऊन येते आहे, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. सकाळी बाप रस्त्याच्या कडेला मिळाला. छातीवर कागद होता. त्यावर लाल अक्षरांत खबऱ्या असं लिहिलं होतं.

आदिनाथ हे सगळं उभ्यानं सांगत होता. फुलाबाईनं बॉबिन भरायला घेतली होती. दोरा भरून संपला, तरी चाक फिरत राहिलं.

"मी निघूच द्याय नको हुती तिला," ती म्हणाली.

"नसती निघाली तरी नेलाच असता, मावशी."

"तुमाला काय म्हाईत?"

त्याला माहीत नव्हतं.

नंतर सरकारनं करायचं ते सगळं केलं. जैनी, तिची आई आणि धाकटी बहीण यांना तालुक्याच्या गावी, ठाण्यामागच्या चाळीत खोली मिळाली. मदत जाहीर झाली. योजनेतून जैनीला एक नवी शिलाई मशीन देण्यात आली. सोलापूरच्या कार्यालयातल्या साहेबांनी हे फुलाबाईला स्वतः फोन करून सांगितलं. त्यांचा हेतू चांगला होता. "तिचं पुनर्वसन झालं," ते म्हणाले. फुलाबाईनं "बरं" म्हटलं.

मार्चमध्ये दुसरी तुकडी आली, बावीस मुली. फुलाबाईनं आण्णांना सांगून बघितलं की मला पुन्हा मशीनवर बसवा, हे शिकवायचं काम नको. आण्णा म्हणाले, "मग कोण शिकवणार? आणि या पोरी परत गेल्या तर तिथं काय आहे त्यांना?" त्याच दिवशी तिनं तांदूळ वाढवून किराण्याची यादी दिली.

जैनीशी तिचं बोलणं झालं ते एप्रिलमध्ये. जैनीनं नवा नंबर आदिनाथकडं दिला होता. फुलाबाईनं दुपारच्या सुट्टीत, कारखान्याबाहेरच्या कडुलिंबाखाली उभं राहून फोन लावला.

"जेवलीस का?" फुलाबाईनं विचारलं.

"हो जी. तुम्ही?"

"जेवले. आई कशी हाय?"

"बोलत नाही. गाय विकली गेली, तेव्हापासून तिला करायला काही नाही."

"आनि मशीन? चालतीय न्हवं चांगली?"

"मशीन चांगली आहे, मावशी. मोटारची आहे." मागं कुणीतरी बादली भरत होतं, त्याचा आवाज येत होता. "पण कोणी कापड देत नाही. दारात पाटी लावली, ब्लाउज शिवून मिळेल म्हणून. बायका समोरून जातात. एक जण आली होती, तिला माझं नाव कळलं तेव्हा कापड परत घेऊन गेली. भितात."

"पोलिसांच्या बायका असतील की तितं. त्या देतील."

"त्या देतात. त्यांचं घेतलं तर बाकीच्या कधीच येणार नाहीत."

फुलाबाईनं डोळ्याला पदर लावला. मग एकदम म्हणाली, "मी येते. चार दिवस सुट्टी काडते. आदिनाथ सरास्नी न्हाय आनत, एकटीच येते. तुज्याजवळ ऱ्हाते चार दिवस."

"नका येऊ."

"अगं, मी म्हातारी बाई. मला कोन काय म्हनतंय?"

"मावशी, इथं बाहेरचं माणूस आलं की सगळे बघतात. कोण आलं, कुठून आलं, किती दिवस राहिलं. धाकटी शाळेत जाते माझी." तिचा आवाज अजिबात चढला नव्हता. "तुम्ही नका येऊ. मला वाटतं तुम्ही यावं, पण नका येऊ."

"मग मी काय करू गं?"

बादली भरली असावी, पाण्याचा आवाज थांबला होता. आत कारखान्यात सुट्टी संपल्याची घंटा झाली आणि बावीस मशीनं एकेक करून सुरू होऊ लागली.

"जा, मावशी," जैनी म्हणाली. "मुली वाट बघत असतील."

फोन बंद झाला. फुलाबाई आणखी थोडा वेळ कडुलिंबाखाली उभी राहिली आणि मग आत गेली.